गौतमीचा पुत्र

हैदराबादच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात सातवाहनांची नाणी पाहताना गौतमीपुत्र सातकर्णी आठवतो. यहूदाच्या राजांच्या वृत्तांतात त्यांच्या आयांची नावे येतात. येथे तर आईचे नाव राजाच्या नावातच आहे! त्याने क्षहरात नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता.

पुत्र निवर्तला, वृद्ध माता गौतमी बलश्री मागे राहिली. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने नाशिकला लेणे करवून भिक्षूंना दिले. तेथील शिलालेखात मुलाचे वर्णन आहे : प्रजेच्या सुखदुःखांत तो सहभागी असे, अपराधी शत्रूचाही प्राण घेणे त्यास रुचत नसे. क्षहरातांचा निर्वंश केल्याचा अभिमानही त्याच शिलेवर कोरला आहे. आईच ती.