एक किल्ली, दोन कुलुपे

कापसाचा हंगाम आला की खामगाव-मलकापूरकडच्या दमेकऱ्यांना जिनिंगची धूळ सोसत नाही. खिशातला पंप दोनदा ओढला की काही मिनिटांत छाती मोकळी होते. या मोकळ्या श्वासामागे ज्याची बुद्धी आहे, तो रेमंड आलक्विस्ट डॉक्टरमंडळींना ठाऊक असतो; आपल्याला मात्र नसतो.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९१४ साली त्याचा जन्म झाला. शिक्षण औषधशास्त्राचे. १९४४ पासून तो जॉर्जियातल्या ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला. तो शोधत होता बायकांच्या पाळीतल्या वेदनांवर, गर्भाशय सैल करणारे औषध. हाती लागले भलतेच.

अ‍ॅड्रिनॅलिन हे एकच द्रव्य रक्तवाहिन्या आवळते आणि श्वासनलिका मात्र सैल करते, हे कोडे जुनेच होते. शरीरातच दोन वेगळी द्रव्ये तयार होत असावीत, असे तेव्हाचे मोठे लोक मानत. आलक्विस्टने अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची काही द्रव्ये निरनिराळ्या अवयवांवर तपासली. एकीकडे जे सर्वांत दुबळे ठरे, तेच दुसरीकडे सर्वांत प्रभावी! म्हणजे किल्ली एकच, कुलुपे दोन प्रकारची. त्यांना त्याने अल्फा आणि बीटा अशी नावे दिली.

लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. १९४८ मध्ये तो दुसरीकडे छापून आला, तरी कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९५४ च्या एका पाठ्यपुस्तकात त्याने तो विचार पुन्हा मांडला. तो वाचून जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने हृदयातले बीटा कुलूप बंद करणारी औषधे घडवली.

१९६७ मध्ये बीटाचेही दोन प्रकार असल्याचे दिसले: पहिला मुख्यतः हृदयात, दुसरा श्वासनलिकांत. दुसऱ्यालाच लागणारी किल्ली म्हणजे साल्ब्युटामॉल; १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आले. त्यामुळे छातीची धडधड फारशी न वाढता श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैलावू लागले.

पण ब्लॅकच्या पहिल्या औषधांना हा भेद कळत नव्हता. ती दोन्ही कुलुपे बंद करत आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडे. ती जातकुळी आजही वापरात आहे. म्हणून घरात दमा असेल, तर रक्तदाबाची, हृदयाची, अगदी डोळ्यांत घालायची औषधे घेतानाही डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

१९७६ चा लास्कर पुरस्कार आलक्विस्ट आणि ब्लॅक यांना मिळून लाभला. १९८३ मध्ये आलक्विस्ट गेला. १९८८ चे नोबेल ब्लॅकच्या वाट्याला आले. ते हयात नसलेल्यांना देत नाहीत.