अक्षरे घडवणारे जावजी दादाजी

बालमित्रांनो, तुमचे पुस्तक उघडा आणि 'ब' व 'व' शेजारी शेजारी पाहा. 'ब'च्या पोटातली रेघ नीट छापली नाही तर 'बारा'चा 'वारा' होतो. 'भ'ची गाठ पुसट झाली तर 'भात'चा 'मात' होतो. मोठी माणसं अंदाजानं वाचून घेतात. पण नुकतंच वाचायला लागलेलं पोर तिथंच अडतं. मराठी अक्षर छापात स्वच्छ दिसावं म्हणून ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले, ते जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घरची गरिबी. वडील लवकर वारले. शाळा फारशी झालीच नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासायच्या कामावर लागले. पगार महिना दोन रुपये! टाईप म्हणजे छपाईचा खिळा. आधी पोलादावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, मग त्यात शिशाचा रस ओतायचा. कोरताना केसभर चूक झाली तर तीच चूक प्रत्येक खिळ्यात उतरते.

हे सारं जावजी बघून बघून शिकले. पुढं इतर छापखान्यांत नोकरी केली आणि १८६४ साली टाईप पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. अक्षरं कोरण्यात पटाईत असे राणोजी रावजी आरू हे त्यांचे जिवलग सोबती. १८६९ साली जावजींनी 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. तिथली वळणदार, ठसठशीत अक्षरं देशभर नावाजली गेली. मोठमोठे संस्कृत ग्रंथ तिथं छापले गेले. पण जावजी मुलांना विसरले नाहीत. विनायक कोंडदेव ओक यांचं 'बालबोध' हे मुलांचं मासिक १८८१ पासून याच छापखान्यातून निघू लागलं.

१८९२ साली जावजी वारले. आता शिशाचे खिळे गेले, संगणक आला. तरी अक्षर आधी कुणीतरी बसून रेखावंच लागतं.

मुलांनो, ज्यांना स्वतःला पुरती शाळा मिळाली नाही, त्यांनी दुसऱ्यांचं वाचन सोपं केलं. आपल्या या भित्तिपत्रकावर लिहिताना एवढं ध्यानात ठेवा, की खाली उभं राहून पहिलीचं पोरही ते वाचणार आहे. त्याला अडू देऊ नका.