विश्लेषण : बाहेर पडलेला चेंडूही आत धरा! आर्थर अ‍ॅशला घडवणाऱ्या डॉक्टरांनी मुलांना असं का शिकवलं?

ज्युनियर टेनिसमध्ये बहुतेक सामन्यांना लाइनमन नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचं असतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग शहरातले एक डॉक्टर आपल्या शिष्यांना बजावत, की रेषेच्या दोन इंच बाहेर पडलेला चेंडूही आत धरायचा आणि खेळायचा. हा नियम करणारे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी अल्थिया गिब्सन आणि आर्थर अ‍ॅश हे दोन विम्बल्डन विजेते घडवले.

कोण होते डॉ. जॉन्सन?

जन्म १८९९चा. कॉलेजात ते फुटबॉल गाजवायचे, त्यातूनच 'व्हर्लविंड' म्हणजे वावटळ हे टोपणनाव पडलं. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी लिंचबर्गमध्ये दवाखाना थाटला. टेनिसकडे ते मोठेपणी वळले आणि घरामागेच कोर्ट बांधलं.

तेव्हा कृष्णवर्णीयांना मुख्य प्रवाहातल्या स्पर्धांची दारं बंद होती. त्यासाठीच १९१६मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशन (एटीए) ही वेगळी संघटना उभी राहिली होती. १९४६मध्ये एटीएच्या स्पर्धेत जॉन्सन आणि त्यांचे डॉक्टर मित्र ह्युबर्ट ईटन यांनी अल्थियाला हेरलं. शाळेच्या दिवसांत ती ईटन यांच्याकडे राही, उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे. १९५७ आणि १९५८ अशी सलग दोन वर्षं तिने विम्बल्डन जिंकलं.

पराभवातून काय शिकले?

शार्लट्सव्हिलला शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा होई. जॉन्सन यांनी आयोजकांशी बोलून १९५१मध्ये तिथे दोन कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळवून दिला. दोघंही लगेच हरले. मुलं लहान असतानाच तयारी सुरू करायला हवी, हे डॉक्टरांना पटलं आणि घरचं उन्हाळी शिबिर त्यांनी अधिक नेटाने चालवलं.

शिबिरात राहणं-जेवण डॉक्टरांकडे, पण कोर्टाची आणि बागेची कामं मुलांनीच करायची. नजर बसावी म्हणून झाडूच्या दांड्याने चेंडू मारायचा सराव असे. खरा भर मात्र वागण्यावर. रॅकेट आपटायची नाही, पंचांशी वाद नाही, बाजू बदलताना चेंडू गोळा करून प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचे. कारण एखाद्या मुलाने संताप दाखवला असता, तर पुढच्या वर्षी सगळ्यांचेच अर्ज नाकारायला आयोजकांना निमित्त मिळालं असतं. दोन इंचांचा नियमही त्यासाठीच होता. कुणी चीटिंगचा आरोप करायला जागाच राहू नये!

आजचे प्रशिक्षक दडपण हाताळायला शिकवतात ते एका सामन्यापुरतं. इथे दहा-बारा वर्षांच्या पोरांवर अख्ख्या समाजाचं ओझं होतं. ते अन्यायाचंच होतं, पण मुलांना कोर्टवर टिकवायचं तर डॉक्टरांपुढे दुसरा रस्ताही फारसा नव्हता.

अ‍ॅशला घरी का पाठवलं नाही?

१९५३मध्ये रिचमंडहून १० वर्षांचा आर्थर अ‍ॅश शिबिरात आला. सुरुवातीलाच खटका उडाला. डॉक्टरांचा मुलगा शिकवत होता आणि आर्थर आपल्या आधीच्या प्रशिक्षकाचीच पद्धत बरोबर म्हणून अडून बसला. डॉक्टरांनी थेट त्याच्या वडिलांना फोन लावला. वडील गाडी काढून लिंचबर्गला आले, इथे डॉक्टर सांगतील तसंच करायचं एवढं सांगून परतले. आर्थरने पुन्हा कुरकुर केली नाही. नंतर अनेक उन्हाळे तो तिथेच शिकला.

१९६१मध्ये शार्लट्सव्हिलची तीच स्पर्धा अ‍ॅशने जिंकली, तीही एकही सेट न गमावता. १९६८मध्ये तो यूएस ओपनचा विजेता झाला आणि हे यश डॉक्टरांना पाहता आलं. २८ जून १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. १९७५च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात अ‍ॅशने जिमी कॉनर्सला हरवलं तेव्हा ते नव्हते. आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २००९मध्ये. अ‍ॅशचं तिथे १९८५लाच लागलं होतं.