रामाच्या नावाचे धान्य

कनक जयंतीची सुट्टी मी शाळेत असल्यापासून घेत आलो. पण हे कनकदास कोण, हे विचारण्याची तसदी कधी घेतली नव्हती. आम्ही खानापूर तालुक्यातले. खालच्या रानात भात, वर उतरणीला नाचणी. वसतिगृहात मात्र घरून आणलेली काळपट भाकरी मी भिंतीकडे तोंड करून खात असे. ते पाहून माझ्या खोलीतला तुमकूरचा मित्र हसला, आणि त्यानेच मला कनकदासांची ओळख करून दिली.

कनकदास सोळाव्या शतकातले. आजच्या हावेरी जिल्ह्यातील बाड हे त्यांचे गाव. जन्म कुरुब, म्हणजे आपल्या धनगरांसारख्या समाजात. मूळ नाव तिम्मप्पा. विजयनगरच्या अमलात ते नायक होते. सापडलेले सोने त्यांनी वाटून टाकले म्हणून लोक त्यांना कनक म्हणू लागले, अशी कथा आहे. पुढे लढाईत जबर जखमी झाल्यावर त्यांनी तलवार खाली ठेवली व ते कागिनेलेच्या आदिकेशवाचे दास झाले. व्यासरायांनी त्यांना शिष्य मानले, तरी उडुपीच्या कृष्णमंदिरात त्यांना शिरू दिले नाही. ते मागे उभे राहून गात राहिले, तेव्हा भिंत दुभंगली आणि कृष्णाने तोंड फिरवले, असे सांगतात. ती कनकन किंडी आजही दाखवतात. मला पंढरीच्या महाद्वाराबाहेरचा आपला चोखोबा आठवला.

अशा या माणसाने रामधान्यचरित्रे नावाचे काव्य लिहिले. लंकेहून परतताना राम ऋषींच्या आश्रमात उतरतो. धान्यांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न निघतो. गौतम ऋषी नाचणीचे नाव घेतात आणि भाताचा संताप होतो. आपण देवाब्राह्मणांच्या पानातले. ही हलकी नाचणी आपल्या बरोबरीची कशी, असा त्याचा तोरा. नाचणीही ऐकून घेत नाही. तू श्रीमंतांचा, गरिबाकडे ढुंकूनही पाहत नाहीस. दुष्काळात माणसे जगवते ती मी, असे ती सुनावते. राम लगेच निवाडा करीत नाही. दोघांनाही सहा महिने कोठडीत टाकतो. मुदत संपते तेव्हा भाताची रया गेलेली, नाचणी जशीच्या तशी! राघवाने तिला आपले नाव दिले, म्हणून ती रागी.

ही व्युत्पत्ती कवीची. पण कोठडीची परीक्षा शेतकऱ्याची आहे. नाचणीच्या बारीक दाण्याला सहसा कीड लागत नाही, कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. हे आकडे कनकदासांना ठाऊक नव्हते, आमच्या आजीलाही नाहीत. बाळंतिणीला आणि रांगत्या पोराला नाचणीच द्यायची, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक.

आता आमचा वाद वेगळाच आहे. मित्र म्हणतो, नाचणीचा मुद्दाच करावा आणि तो न चावता गिळावा. मी म्हणतो, भाकरीच, आणि तीही चांगली चावून. कनकदासांनी याचा निवाडा केलेला नाही.