शिखराच्या एक पायरी खाली

देवराष्ट्रे येथील शेतकरी कुटुंबात १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, ते संयुक्त महाराष्ट्रवाद्यांचा रोष पत्करूनच. १९६० साली मात्र नव्या महाराष्ट्राची धुराही त्यांच्याकडेच आली. चिनी आक्रमणानंतर १९६२ मध्ये नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस पाचारण केले. पुढे गृह, अर्थ व परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. १९७९ मध्ये चरणसिंगांच्या अल्पजीवी सरकारात ते उपपंतप्रधान झाले. पंतप्रधानपद दूरच राहिले. इंदिरा काँग्रेसमध्ये परतल्यावर मंत्रिपदाऐवजी आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद वाट्याला आले. १९८४ मध्ये निधन पावलेल्या या नेत्याची अखेरची मोठी कामगिरी केंद्राच्या महसुलातील राज्यांचा वाटा ठरविण्याची होती. सत्तेच्या हिशेबात ती उतरण असेल. राज्यकर्त्याच्या हिशेबात नव्हे.