हॉकीचं पहिलं गोल्ड जिंकणाऱ्या टीमच्या कॅप्टनने संविधान सभेत गोंडी भाषेसाठी जागा मागितली होती

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं गोल्ड मेडल जिंकलं. ध्यानचंद सगळ्यांना आठवतात. पण कॅप्टन कोण होता?

जयपाल सिंह मुंडा.

३ जानेवारी १९०३ ला छोटा नागपूरच्या पठारावर, खुंटीजवळच्या टकरा गावात, एका मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रांचीच्या मिशनरी शाळेतून ते पुढे ऑक्सफर्डला गेले. आयसीएससाठी निवडही झाली. ऑलिम्पिकसाठी सुट्टी नाकारली गेली, तरी ते खेळायला गेले. मतभेदांमुळे फायनलआधी त्यांनी टीम सोडली आणि नंतर आयसीएसवरही पाणी सोडलं.

१९३९ मध्ये रांचीत ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना 'मरांग गोमके' म्हणू लागले. मुंडारीत याचा अर्थ मोठा नेता.

पुढे ते संविधान सभेत गेले. तिथं त्यांच्या दोन मागण्या महत्त्वाच्या होत्या.

पहिली नावाची. हिंदीत 'वनजाती' नको, 'आदिवासी' म्हणा. कारण पहिला शब्द माणसाला जंगलात बसवतो, तर दुसरा तो इथला मूळ रहिवासी आहे हे मान्य करतो. संविधानात मात्र 'अनुसूचित जमाती' हाच शब्द आला.

दुसरी भाषेची. सप्टेंबर १९४९ मध्ये आठव्या अनुसूचीवर चर्चा सुरू होती. जयपाल सिंहांनी मुंडारी, उरांव (कुडुख) आणि गोंडी यांचा समावेश करण्याची दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली नाही. यादीत १४ भाषा आल्या, पण मुंडारीच्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातली एकही नव्हती.

नंतर त्यांनी झारखंड पार्टी काढली आणि वेगळ्या राज्याची मागणी लावून धरली. १९६३ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला, तेव्हा त्यांचेच बरेच कार्यकर्ते दुखावले. २० मार्च १९७० ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

झारखंड राज्य २००० मध्ये झालं. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली अनुसूचीत आली. आज यादीत २२ भाषा आहेत, पण जयपाल सिंहांनी मागितलेल्या तिन्ही अजून बाहेरच आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख होते. तरीही गडचिरोलीतल्या गोंड मुलाला यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत देता येते, गोंडीत नाही.