भागानगरचे पाहुणे

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात श्रीशिवछत्रपतींचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडविलेला हा पुतळा १९७४ साली, म्हणजे राज्याभिषेकास ३०० वर्षे झाली त्याच साली, तेथे बसविण्यात आला. आपल्यापैकी कोणी तिकडे गेला तर हात जोडून परततो. पण हाच घोडेस्वार एकदा आपल्याच गावी महिनाभर मुक्कामास होता, हे त्याच्या ध्यानी असतेच असे नाही.

गोष्ट १६७७ सालची. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या महाराजांना सत्तेचाळिसावे लागले होते. राज्याभिषेकास तीन वर्षेही झाली नव्हती, खजिन्यास ओढ होती, आणि मोगल केव्हा उलटतील याचा भरवसा नव्हता. कर्नाटकातील शहाजीराजांची दौलत सावत्र बंधू व्यंकोजीराजांकडे होती. तिच्या वाटणीचे निमित्त खरेच. परंतु दक्षिणेत पाठ टेकण्यास दुसरी जागा असावी, हा हेतू त्याहून मोठा असावा असे आम्हांस वाटते.

व्यंकोजीराजांशी न पटून बाहेर पडलेल्या रघुनाथपंत हणमंते यांनी कुतुबशाहीचे दिवाण मादण्णा यांच्याशी आधीच संधान बांधले होते. कुतुबशाही मुलखात रयतेस उपद्रव देऊ नये, अशी फौजेस सक्त ताकीद होती. आपले आबिड्स तेव्हा कुठले! सहाव्या निजामांच्या पदरच्या आबिदसाहेबांच्या दुकानावरून ते नाव पडले, तेही दोन शतकांनी. शहर होते मुसीपलीकडे, चारमिनारभोवती. तेथे अबुल हसन तानाशहाने महाराजांचा मोठा सन्मान केला, आणि पैसा व तोफखाना देण्याचे कबूल केले. शहाजीराजांच्या दौलतीबाहेरचा जो मुलूख जिंकला जाईल, त्यात त्याचा वाटा ठरला.

पुढे श्रीशैलाचे दर्शन घेऊन महाराज कर्नाटकात उतरले. जिंजी हाती आली. वेल्लोर मात्र वर्षभर झुंजले. तानाशहास ठरलेला वाटा काही मिळाला नाही, आणि तो नाराज झाला. त्याची नाराजी अवाजवी होती असे म्हणवत नाही.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर निवर्तले. १६८७ साली गोवळकोंडा औरंगजेबाने घेतला. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, रायगडास वेढा पडला, तेव्हा राजाराममहाराज निसटून थेट जिंजीस गेले. भागानगरच्या त्या मुक्कामात जिची जुळवाजुळव झाली, त्याच जिंजीतून मराठ्यांचे राज्य १६९८ पर्यंत चालले.